सांखळी-करवत : निवड आणि वापर

मृगाच्या पहिल्या सरी येऊन गेल्या कीं लोणावळ्याच्या बंगल्यांतून आणि मावळच्या वाड्यावस्त्यांतून एक नवा आवाज ऐकूं येऊं लागतो. पूर्वीं या दिवसांत कुऱ्हाडीचा ठोका ऐकूं येत असे. एक ठोका, मग क्षणभर स्तब्धता, त्या स्तब्धतेंत समोरच्या डोंगरावरून परत आलेला प्रतिध्वनि आणि मग दुसरा ठोका. आतां त्या जागीं पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची अखंड घरघर असते. दुकानदार तिला ‘चेनसॉ’ म्हणतो, ती चालविणारा मजूर नुसतेंच ‘कटर’ म्हणतो. मराठींत बोलावयाचें तर ती सांखळी-करवत होय. तिचे दांते पात्यावर कोरलेले नसतात. ते सायकलच्या सांखळीसारख्या एका सांखळीवर बसविलेले असतात आणि ती सांखळी एका लांबट पोलादी पट्टीच्या कडेनें गरगर फिरत असते.

या करवतीची कुळकथा थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. जर्मनींत आंद्रेआस श्टील या अभियंत्यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी आणि १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी करवत बनविली. ती उचलावयासच दोन माणसें लागत. पुढें ती हलकी होत गेली. तरी तिच्या सांखळीचे दांते जुन्या आऱ्याच्या दांत्यांसारखेच असल्यामुळें त्यांची धार लवकर जाई आणि निम्मा वेळ कानस घासण्यांत जाई. अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत जोसेफ कॉक्स नांवाचा एक लांकूडतोड्या होता. लांकूड पोखरणारी भुंग्याची एक जाडजूड अळी आपल्या जबड्यांनीं एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे असें लांकूड कातरीत सहज पुढें सरकते, हें त्यानें पाहिलें. आणि त्याच धर्तीचे डावे-उजवे दांते असलेली सांखळी त्यानें १९४७ सालीं बाजारांत आणली. आज मावळांत ज्या करवती चालतात त्यांच्या सांखळ्या याच घराण्यांतल्या आहेत. लांकडास कीड लागली म्हणून हळहळणारे पुष्कळ असतात. किडीपुढें बसून तिचें काम न्याहाळणारा विरळा.

मावळच्या शेतकऱ्यास झाडावरचें काम नवें नाहीं. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत भाताचें रोप टाकण्यापूर्वीं राब भाजण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्यासाठीं ऐनासारख्या झाडांवर चढून फांद्या तोडावयाच्या, तो कवळ वाळवावयाचा आणि वाफ्यावर पसरून जाळावयाचा. कमरेच्या आकडींत कोयता अडकवून जो मनुष्य लहानपणापासून झाडावर चढला, त्यास कोणती फांदी भार सोसील आणि कोणती दगा देईल हें सांगावें लागत नाहीं. पण कोयत्याच्या जागीं यंत्र आलें म्हणजे हें जुनें ज्ञान अपुरें पडूं लागतें. कोयता चुकला तर एक घाव चुकतो. ही सांखळी सेकंदास सुमारें वीस मीटर या वेगानें धांवत असते. तिची चूक उमगण्यास अवधि मिळत नाहीं.

या यंत्राची गरज मात्र खरी आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि खडकावर मातीचा थर बहुतेक ठिकाणीं पातळ आहे. तेथला रानांतला जांभूळ किंवा हिरडा बेतानें वाढतो, वाऱ्यास वांकतो आणि टिकतो. बंगल्यांच्या आवारांत शोभेसाठीं लावलेले ऑस्ट्रेलियांतले सिल्व्हर ओक व निलगिरी आणि मादागास्करचा गुलमोहर यांची गोष्ट निराळी. ते भराभर उंच होतात. त्यांच्या मुळाशीं कोणी नळासाठीं चर खणतो, कोणी फरशी घालतो, आणि आषाढांतल्या एखाद्या रात्रीं ते छपरावर येतात. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकलें. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. घाट चढून आल्यावर त्याचा जोर ओसरूं लागला होता, तरी मावळांत झाडें पडलीं, विजेचे खांब पडले, फुलशेतीचीं हरितगृहें फाटलीं. असे दिवस येतात तेव्हां रस्ता मोकळा करण्यास कुऱ्हाडी पुऱ्या पडत नाहींत.

तथापि कुऱ्हाडीपाशीं एक गोष्ट होती, ती या यंत्रापाशीं नाहीं. दोघांच्या कवेंत मावेल असें झाड कुऱ्हाडीनें आणि दोघांनीं ओढावयाच्या आऱ्यानें पाडावयाचें तर दिवस मोडे. जुना लांकूडतोड्या आधीं झाडाभोंवतीं एक फेरी घाली, कुऱ्हाडीच्या तुंब्यानें खोडावर ठोके मारून तें भरीव आहे कीं पोकळ तें ऐके, शेंड्याकडे पाहून कल ठरवी. काम सुरू झाल्यावरहि तो दर दहा-पांच घावांनीं दम घेण्यासाठीं थांबे, आणि थांबला कीं त्याची मान आपोआप वर होई. झाड किती कललें, फांदी कोठें अडकली, लांकूड कुरकुरूं लागलें कीं काय, हें सारें त्यास त्या विश्रांतींत कळे. यंत्रानें तीं विश्रांतीचीं पळें काढून घेतलीं. दिवसाचें काम पाव घटकेंत होतें. आणि कापणाऱ्याच्या डोळ्यांपुढें झाड नसून फक्त काप असतो, कानांत दुसरा कोणताहि आवाज शिरत नाहीं. म्हणून सांखळी-करवत घेणाऱ्यानें, जो विचार पूर्वीं काम करतांना होत असे तो आतां काम सुरू होण्यापूर्वींच करून ठेवणें अवश्य आहे. तिची निवड, तिचें साहित्य आणि तिचा वापर या सर्वांस हीच एक कसोटी लावावी.

निवडींत पहिली चूक होते ती आकाराची. दुकानांत ५८ सीसीची, २२ इंची पट्टीची करवत दिमाखानें मांडलेली असते. घेणाऱ्यास वाटतें कीं, किंमतींत फारसें अंतर नाहीं, मग मोठीच कां न घ्यावी? पण लांब पट्टी म्हणजे दूर गेलेलें टोंक, आणि या यंत्रांतला सर्वांत मोठा धोका त्या टोंकापाशीं असतो. शिवाय जड करवत दहा मिनिटांत हात भरून आणते, आणि भरून आलेला हात चुका करतो. पडलेल्या फांद्या तोडणें, जळण पाडणें, मध्यम खोडें कापणें एवढेंच ज्यास करावयाचें आहे अशा शेतकऱ्यास किंवा बंगल्याच्या राखणदारास ३५ ते ४५ सीसीचें यंत्र आणि १४ ते १६ इंचांची पट्टी पुरेशी आहे. पट्टीहून जाड खोड आलें तर तें दोन्ही बाजूंनीं कापतां येतें. रोजचा धंदाच झाडें पाडण्याचा असेल त्यानें ५० ते ६० सीसीची, १८ किंवा २० इंचांची घ्यावी. मात्र सोबत लहान करवतहि ठेवावी, कारण फांद्या छाटण्यास मोठी करवत वापरणें म्हणजे सुपारी फोडण्यास घण घेणें होय. विजेरीवर चालणाऱ्या करवती हल्लीं चांगल्या मिळतात. आवारांतल्या किरकोळ कामास त्या सोयीच्या आहेत, त्यांचा धूर नाहीं आणि गोंगाट कमी. पण दिवसभर रानांत काम करणाऱ्यास त्यांच्या विजेऱ्या पुरत नाहींत.

दुकानांत करवत नुसती पाहूं नये, हातांत घेऊन पाहावी. पुढच्या मुठीसमोर एक ढालीसारखा पंजा असतो. तो पुढें ढकलला कीं सांखळीचा ब्रेक लागला पाहिजे. मागच्या मुठींत वेग वाढविण्याचा चाप असतो. वरचा खटका तळहातानें दाबल्याखेरीज तो चाप दबतां कामा नये. सांखळी तुटल्यास ती मागें फटका मारूं नये म्हणून पट्टीच्या बुडाशीं खालच्या अंगास एक लहानसा आंकडा असतो. तो जागेवर आहे ना तें बघावें. मुठी आणि यंत्र यांच्यामध्यें हादरे शोषणाऱ्या रबराच्या किंवा स्प्रिंगच्या बैठकी असतात. त्या नसल्या तर वर्षानुवर्षें काम करणाऱ्याचीं बोटें बधिर होऊन पांढरीं पडूं लागतात. आणि सर्वांत शेवटीं, त्याच मापाची सांखळी आणि पट्टी तळेगांवांत किंवा पुण्यांत सहज मिळते कीं नाहीं याची चौकशी करावी. स्वस्त म्हणून घेतलेलें यंत्र एका सुट्या भागावांचून ऐन पावसाळ्यांत कोनाड्यांत पडून राहतें.

किंमत ठरवितांना यंत्राची रक्कम वेगळी आणि माणसाच्या रक्षणाची वेगळी असा हिशेब करूं नये. खिशांत जें असेल त्यांतून आधीं रक्षणाचें साहित्य घ्यावें आणि उरेल त्यांत बसेल ती करवत घ्यावी. हें उलटें वाटेल. पण हातापायाचा सुटा भाग दुकानांत मिळत नाहीं. या साहित्यांत पहिला मान संरक्षक विजारीस द्यावा. तिच्या कापडांत लांब, चिवट तंतूंचे थर असतात. धांवती सांखळी मांडीस लागली तर ते तंतु ओढले जातात, यंत्राच्या दांतेरी चाकांत गुंततात आणि सांखळी जागच्या जागीं थांबते. एकदां कापली गेलेली विजार शिवून पुन्हां वापरूं नये, कारण आंतील थर निकामी झालेले असतात. विजेवरील करवतीचा जोर चाक अडलें तरी लगेच मावळत नाहीं. तेव्हां तेथें विजारीच्या भरंवशावर राहूं नये. त्यानंतर पोलादी टोपीचे, निसरड्यावर घट्ट धरणारे बूट. डोक्यास शिरस्त्राण, त्यासच जोडलेली तोंडावरची जाळी आणि कानांवरच्या वाट्या. या करवतीचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. कान झांकले नाहींत तर बहिरेपण दर पावसाळ्यास थोडें थोडें वाढतें, आणि तें दुखत नसल्यामुळें कोणी मनावर घेत नाहीं. कापडी टोपी, सैल धोतर, गळ्यांतला पंचा आणि पायांत चपला, हा मावळांतला नित्याचा वेष शेतांत शोभतो. चालत्या करवतीपाशीं तो काढून ठेवावा.

इंधनाविषयीं बहुतेक पुस्तिकांत लिहिलेलें असतें, पण पुस्तिका पिशवीसकट फेंकली जाते. पेट्रोलवरील या करवतींचें इंजिन दोन ठोक्यांचें असतें. त्यास पेट्रोलमध्यें तेल मिसळून द्यावें लागतें. चांगल्या प्रतीचें दोन ठोक्यांच्या इंजिनाचें तेल असेल तर पन्नासास एक, म्हणजे लिटरभर पेट्रोलास २० मिलिलिटर. उत्पादकानें निराळें प्रमाण सांगितलें असेल तर तें पाळावें. अंदाजानें ‘थोडें जास्तच बरें’ म्हणून ओतूं नये. जास्त तेलानें इंजिन कोंदतें, कमी तेलानें जळतें. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें आणि तें हवेंतला ओलावा ओढून घेतें. तेव्हां लोणावळ्याच्या दमट हवेंत मिश्रण लागेल तेवढेंच करावें, महिन्याभराचें शिळें वापरूं नये. सांखळीस वंगण देणारें तेल निराळ्या टांकींत असतें. तेथें मोटारीचें जुनें काळें तेल ओतण्याची खोड सर्वत्र आहे. त्या तेलांतली कचकच पंप आणि पट्टी दोन्ही खाते आणि उरलेलें तेल जमिनींत जातें. वंगण पोंचतें कीं नाहीं हें पाहण्याची सोपी रीत अशी कीं, पट्टीचें टोंक एखाद्या कोरड्या खुंटासमोर, स्पर्श न करतां, धरून वेग वाढवावा. खुंटावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. इंधन भरतांना इंजिन थंड असावें आणि भरलेल्या जागेपासून आठ-दहा पावलें दूर जाऊन तें सुरू करावें. फाल्गुन-चैत्रांत डोंगरावर गवत वाळलेलें असतांना एक ठिणगी वणव्यास पुरते.

आतां धारेविषयीं. या एका गोष्टीकडे जितकें दुर्लक्ष होतें तितकें दुसऱ्या कशाकडेहि होत नाहीं. धार चांगली असेल तर करवत आपल्या वजनानें लांकडांत उतरते आणि मागून जाड, लांबट ढलपे पडतात. पिठासारखा बारीक भुसा पडूं लागला, करवत दाबावी लागूं लागली किंवा काप एका बाजूस वांकडा जाऊं लागला, कीं धार गेली असें समजावें. दाबणारा मनुष्य तोल सोडून वांकलेला असतो, आणि काप संपतांच त्याचा सारा भार पुढें जातो. अपघात घडतो तो बहुधा येथें. धार लावण्यास गोल कानस लागते आणि तिचें माप सांखळीच्या मापावर ठरतें. लहान करवतींच्या सांखळीस बहुधा ४ मिलिमीटरची आणि मध्यम करवतींच्या सांखळीस ४.८ मिलिमीटरची कानस चालते. आपल्या सांखळीचें माप वेष्टनावर पाहून घ्यावें. कानस एकाच दिशेनें, आंतून बाहेर, पट्टीशीं सुमारें ३० अंशांचा कोन ठेवून चालवावी. आधीं एका बाजूचे सगळे दांते, मग दुसऱ्या बाजूचे, आणि प्रत्येकास सारखेच हात. नाहींतर आंखूड-लांब दांत्यांची करवत भरकटते. प्रत्येक दांत्यापुढें एक उंचवटा असतो. दांत्यानें किती खोल खावें हें तो ठरवितो आणि तो दांत्याहून साधारण ०.६५ मिलिमीटर खालीं असतो. तो मापानेंच घासावा. घाईनें अधिक घासला तर सांखळी लांकडास अधाशासारखी चावते आणि यंत्र हातांत उसळूं लागतें. पेट्रोल भरावयास थांबलें कीं दोन-दोन हात कानशीचे मारावे. यांत पांच मिनिटें जातात, आणि कुऱ्हाडवाल्याची ती जुनी विश्रांतीहि परत मिळते. सांखळीचा ताणहि याच वेळीं पाहावा. ती पट्टीच्या खालच्या अंगास टेंकलेली असावी आणि हातमोजा घालून ओढली असतां सरकावी. तापलेली सांखळी सैल होते. तिला तशींच कसली तर थंड होतांना आंवळून बसते, म्हणून काम संपल्यावर ती पुन्हां सैल करावी.

उभें झाड पाडण्याचें काम यंत्र सुरू होण्याच्या बरेंच आधीं सुरू होतें. झाडाचा कल, वाऱ्याची दिशा, वाळलेल्या आणि लटकत्या फांद्या, विजेच्या तारा, घरट्याची किंवा शेंकरूच्या जाळीदार गोळ्याची चाहूल, हें सर्व पाहून पडण्याची दिशा ठरवावी. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आंत कापणाऱ्याखेरीज कोणी असूं नये. मुलें आणि गुरें यांस हें सांगून कळत नाहीं, त्यासाठीं वाटेवर एक मनुष्य उभा करावा. कापणाऱ्याची पळवाट पडण्याच्या दिशेच्या उलट आणि तिरपी असावी आणि ती आधींच कोयत्यानें साफ करावी. मग पडण्याच्या अंगास खाच घ्यावी. ती खोडाच्या व्यासाच्या पांचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी खोल असावी; तिचा वरचा काप तिरपा, खालचा आडवा, आणि दोन्ही एका रेघेवर नेमके मिळालेले. त्यानंतर मागून, खाचेच्या तळाहून दोन-तीन बोटें वर, आडवा काप घ्यावा. तो आरपार नेऊं नये. खाच आणि मागचा काप यांच्यामध्यें व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकें, म्हणजे दोन फुटी झाडास सुमारें अडीच इंच, लांकूड शिल्लक ठेवावें. हेंच दाराची बिजागरी होय. झाड तिच्यावर फिरून ठरल्या जागीं जातें. ज्यानें बिजागरी कापली त्याच्या हातून झाडाची लगाम सुटली. मागच्या कापांत वेळींच लांकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकावी. लोखंडी पाचर सांखळीस लागली तर दांते उडतात. झाड हलूं लागलें कीं काप तेथेंच सोडावा, करवत बंद करावी आणि शेंड्याकडे पाहत पळवाटेनें निघावें. पडलेल्या झाडाच्या बुंध्याशीं उभें राहून शाबासकी घेऊं नये, कारण बुंधा अनेकदां मागें उसळतो. जें झाड मुळांतच फार कललेलें आहे, विशेषतः निलगिरी, तें मागून कापतांना अर्ध्यावरच उभें चिरतें आणि चिरलेली फाळ कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर वेगानें मागें येते. अशा झाडास अनुभवी माणसाखेरीज कोणीं हात लावूं नये.

वादळानें पडलेलें झाड अधिक निरुपद्रवी असतें असा समज आहे. खरा प्रकार याच्या उलट आहे. उभ्या झाडाचा भार एका दिशेनें असतो. पडलेल्या झाडाच्या अंगांत वांकविलेल्या धनुष्यासारखा ताण भरलेला असतो आणि तो कोठें आहे हें चटकन दिसत नाहीं. खोड दोन्ही टोंकांवर टेंकलेलें आणि मध्यें अधांतरी असेल तर त्याचा वरचा भाग दाबलेला आणि खालचा ताणलेला असतो. एकच टोंक टेंकलेलें असेल तर ताण वरच्या अंगास असतो. दाबलेल्या अंगानें आधीं थोडा काप घ्यावा आणि मग ताणलेल्या अंगानें हळूहळू, लांकूड उघडूं लागलें तर थांबत, काप पुरा करावा. याच्या उलट केलें तर करवत चिमटींत अडकते, किंवा खोड एकाएकीं फुटून उडतें. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा प्रकार याहून कठीण. मातीचा तो उभा राहिलेला गड्डा खोडाच्या वजनानें तोललेला असतो. खोड कापलें कीं तो धाडकन पुन्हां खड्ड्यांत बसतो. पाहणारीं मुलें नेमकीं त्या खड्ड्यांत उतरलेलीं असतात. काप घेण्यापूर्वीं गड्डा दोरानें किंवा टेंकू देऊन बांधावा, बुंध्याशीं हातदोन हात खोड राखावें, आणि कापण्याआधीं एका माणसानें खड्ड्याशीं जाऊन आंत कोणी नाहीं हें पाहावें. कुरवंडे-तुंगार्लीच्या उतारांवर कापणाऱ्यानें चढाच्या बाजूस उभें राहावें. सुटलेला ओंडका खालीं जातो, आणि खालीं बहुधा कोणाचें तरी घर असतें.

करवतीच्या उसळीबद्दल वर सूचना आली आहे. पट्टीच्या टोंकाच्या वरच्या अर्ध्या भागाशीं सांखळी खालीं वळत असते. तेथें लांकूड, फांदी किंवा दगड लागला तर दांते अडतात आणि पट्टी डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत वर आणि मागें, थेट गळ्याच्या रोखानें, येते. म्हणून टोंकानें कापूं नये. खांद्याच्या वर करवत नेऊं नये. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून पूर्ण वळवून धरावी आणि डोकें पट्टीच्या रेषेंतून डावीकडे ठेवावें. शिडीवर उभें राहून ही करवत चालविणें हा शुद्ध अविचार होय. यंत्र सुरू करतांना ब्रेक लावावा आणि तें जमिनीवर ठेवून मागच्या मुठींत पाऊल देऊन दोरी ओढावी. एका हातांत लटकावून झटक्यानें सुरू करण्याची ऐट पुष्कळांस महाग पडली आहे.

झाडावर चढून फांद्या उतरविण्याचें काम वेगळ्या विद्येचें आहे. त्यासाठीं कमरपट्टा, दोन दोर आणि एका मुठीची खास हलकी करवत असते. ती शिक्षण नसलेल्यानें घेऊं नये. मावळांतल्या कातकरी व ठाकर मंडळींत झाडावर चढण्याची कला उपजत म्हणावी इतकी मुरलेली आहे. त्यांस दोर व पट्टा देऊन हातकरवतीनें काम करूं दिलें तर तें सावकाश होतें, पण नीट होतें. फांदी छाटतांना तीन काप घ्यावे. पहिला खोडापासून हातभर अंतरावर खालून, अर्धवट. दुसरा त्याच्या किंचित बाहेर, वरून. आणि भार उतरल्यावर तिसरा, फांदीच्या मुळाशीं असलेला फुगीर कंठ शाबूत ठेवून. हा कंठच जखम भरून काढतो; त्यावर डांबर फांसण्याची गरज नाहीं. तारेजवळच्या फांदीस, ती वाळलेली असली तरी, महावितरणकडून प्रवाह बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय स्पर्श करूं नये.

कायद्याचा भाग थोडक्यांत असा. लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दींत १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू आहे आणि झाड स्वतःच्या आवारांतलें असलें तरी परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा-वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळालें आहे. खेड्यांत १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याच्या सूचींत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ, साग, खैर इत्यादि झाडें आहेत. यंत्रानें झाड पाडावयास पाव घटका लागते आणि कागदास कित्येक दिवस, ही तक्रार खरी आहे. पण पडलेलें झाड परवानगी नाहीं म्हणून पुन्हां उभें करतां येत नाहीं.

ज्यास करवत विकत घ्यावयाची नाहीं, भाड्यानें माणूस आणावयाचा आहे, त्यानें आलेल्या माणसाच्या यंत्राकडे न पाहतां आधीं त्याच्या पायांकडे पाहावें. पायांत चपला असतील तर त्यास चहा पाजून परत पाठवावें. दुसरें, हें काम उक्तें देऊं नये. झाडामागें ठराविक रक्कम ठरली कीं घाई आपोआप येते, आणि ती घाई मजुराची असली तरी तिचें कारण मालक असतो. रोज देऊन काम करवावें, आणि तो धार लावावयास किंवा झाडाभोंवतीं फिरून पाहावयास थांबला तर त्यास हांक मारूं नये. पावसाच्या सरींत, संध्याकाळीं उशिरां किंवा एकट्या माणसाकडून काम करवूं नये. जवळ स्वच्छ कापडाच्या जाड घड्या असलेली पेटी आणि एक वाहन असावें, आणि सर्वांत जवळचा दवाखाना कोणता हें सकाळींच ठरलेलें असावें.

पावसाळा सरून करवत ठेवून द्यावयाची वेळ आली म्हणजे टांकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, हवेची गाळणी झटकावी, पट्टी उलटी बसवावी म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात, आणि तिची खांच काडीनें स्वच्छ करावी. सांखळी काढून तेलांत बुडवून ठेवावी. मावळच्या हवेंत दोन महिन्यांत तिला तांबेरा चढतो. विजार उन्हांत न टाकतां सावलींत टांगावी. कानस मात्र तेलांत ठेवूं नये. ती कोरड्या फडक्यांत गुंडाळून, शक्य तर घरांत, चुलीच्या बाजूस ठेवावी.